दोडका हजर, म्याडम!

कौसामावशी, तुम्हाला जाऊन महिना होत आला, तरी आज सकाळी तिसरीची हजेरी घेताना मला तेच ऐकावं लागलं. मी म्हटलं, "समर्थ." तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "दोडका हजर, म्याडम." त्याच्या मागची भेंडी. तिच्या मागची पालक. मी पेन खाली ठेवलं. "आपापली खरी नावं सांगा. मावशी गेल्या, आता खेळ संपला." मग खिडकीपाशी बसलेलं कुणीतरी हळूच म्हणालं, "मुळा आला न्हाई, म्याडम. तेला ताप आलाय."

मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा. मुळ्याची गैरहजेरी मांडली आणि पुढचं नाव घेतलं.

तुमच्या शोकसभेत मी बोलले. हातात माइक, समोर सगळं गाव. मी म्हटलं, कौसाबाई शांत, मनमिळाऊ आणि आज्ञाधारक होत्या. तुमचे यजमान किसनबाबा पहिल्या ओळीत बसले होते. 'आज्ञाधारक' हा शब्द ऐकून त्यांनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं हे आता उठून माझ्या हातातला माइक काढून घेतात. सहा वर्षांत माझी एकही गोष्ट तुम्ही पहिल्या सांगण्यात ऐकली नाही. खिचडी साडेअकराला तयार पाहिजे म्हटलं की पावणेबाराला. मुलांना रांगेत बसवा म्हटलं की गोल. मी या शाळेची मुख्याध्यापक, कागदावर तुम्ही स्वयंपाकी मदतनीस, पण मुलांना विचारलं असतं तर शाळा कुणाची, हे त्यांनी एका दमात सांगितलं असतं.

सुरुवात माझ्याच चुकीनं झाली, ते मला मान्य आहे. तुम्ही नव्यानं कामावर आला होता. आधीच्या बाई डाळ-तांदळात भाजी टाकायच्या, मुलं ती निवडून बाजूला काढायची आणि मधल्या सुट्टीत दुकानातले रंगीत पुडे फोडायची. दुपारच्या वह्यांवर सगळीकडे नारिंगी बोटं उमटलेली असायची. आम्हा शिक्षकांना त्याची सवय झाली होती. तुम्हाला झाली नाही. एक दिवस ताट घेऊन तुम्ही ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिलात.

"म्याडम, हे बगा."

"काय आहे?"

"गवार. सगळ्या ताटांतली गोळा केली. एक शेंग कुणी खाल्ली न्हाई."

"मावशी, मुलंच ती. भूक लागली की खातील."

"भूक लागलेलीच हाय. भाजीच वळखीची न्हाई तेन्ला."

मी त्या वेळी कॉम्प्युटरवर माहिती भरत होते आणि नेट सारखं जात होतं. तुमच्याकडे न बघताच मी म्हटलं, "मग करून द्या ओळख. तुम्हाला करायचं ते करा." तुम्ही "बरं" म्हणालात आणि गेलात. तुमचं 'बरं' किती धोक्याचं असतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कापडी पिशवी घेऊन आलात. आत काय आहे ते बघायचं नाही, हात घालायचा, चाचपायचं आणि सांगायचं. पहिल्याच फेरीत चौथीतल्या एकीच्या हाताला कारलं लागलं. ती "सरडा! सरडा!" करत जी पळत सुटली, तिच्यामागं पहिली ते पाचवी सगळी शाळा पळाली. मी पाचवीला अपूर्णांक शिकवत होते. माझे अपूर्णांक फळ्यावर तसेच राहिले. बाहेर आले तर तुम्ही लिंबाच्या पारावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता आणि कारलं तुमच्या मांडीवर होतं.

मग आवाजाचा खेळ आला. गाजर, काकडी, मुळा. मुलांनी व्हरांड्यात उभं राहून चावायचं आणि तुम्ही फाटकापाशी कान लावून उभ्या. "न्हाई आलं ऐकू! अजून जोरात!" सगळा व्हरांडा कराकरा वाजायचा. मग रोज एक लेकरू चवदार. त्यानं कालथ्यातली भाजी हातावर घेऊन मीठ बघायचं आणि तिखट किती, आंबट किती, ते जाहीर करायचं. चवदाराचा शब्द शेवटचा. चौथीतल्या एकानं "ह्यात काय मज्जा न्हाई" असं जाहीर केलं, तर तुम्ही अख्खी आमटी पुन्हा चुलीवर चढवलीत आणि जेवायला एक वाजला. त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले! तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पर म्याडम, आज ताटात काय उरलं का?" उरलं नव्हतं. म्हणून तर जास्त राग आला.

हजेरीचं खूळ त्यानंतरचं. ज्या पोराला जी भाजी अजिबात आवडत नाही, तेच त्याचं आठवडाभर नाव. आठवडा संपेपर्यंत त्यानं त्या भाजीच्या तीन गोष्टी शोधून आणायच्या: ती वेलाला लागते की झाडाला, वास कशासारखा येतो आणि घरात ती कुणाला आवडते. पोरं घरी जाऊन आज्यांना छळायची. एक आजी काठी टेकत शाळेत आली आणि मला म्हणाली, "म्याडम, चुक्याच्या वासाचं काय काढलंय तुमी? पोरगं माझ्या तोंडाशी जुडी धरून बसतंय." मी तिला चहा पाजून परत पाठवलं. असे किती चहा पाजले मी तुमच्यापायी!

आणि ते लग्न. वांगं नवरदेव, भेंडी नवरी. कोथिंबिरीच्या मुंडावळ्या, हात पुसायच्या फडक्याचा अंतरपाट, दुसरीतला भटजी. मुलांनी नाचत वरात काढली, मंगलाष्टकं म्हणून त्यांना येत होती ती एकच कविता तीनदा म्हटली. मीही दारात उभी राहून बघत होते, हसलेही असेन. मग तुम्ही नवरानवरीला चिरून फोडणीला टाकलंत. पहिलीतली दोन पोरं आधी रडायला लागली. पाठोपाठ सगळी. "नवरदेव कापला! नवरदेव कापला!" त्या दिवशी वांग्याला कुणी बोट लावलं नाही. तुम्ही भांबावलात. पातेल्यापाशी उभ्या राहून म्हणत होतात, "आरं, ते तुमच्या पोटात नांदाया चाललेत." त्यानं रडणं आणखी वाढलं. मी तुम्हाला म्हटलं, "बघा, सांगत होते." सांगितलं मी काहीच नव्हतं. पण तुमचं एकदा तरी चुकलं याचा मला आनंद झाला होता. हे तुम्हाला कधी बोलले नाही, आज बोलते.

पुढं पहिलीत आलेल्या अंजलीबद्दल मात्र मी तुम्हाला मानलं. ती खिचडीतली कोथिंबीरसुद्धा एकेक पान वेचून ताटाच्या काठावर लावायची. आई-बाप ऊसतोडीला जाणारे, हिवाळाभर ती कधी आजीकडे, कधी त्यांच्याबरोबर. हाताची हाडं दिसायची. मी तिला दटावलं असतं. तुम्ही मला दटावलंत. "खा म्हणायचं न्हाई, म्याडम. खा म्हणलं की तोंड मिटतंय." महिनाभर तुम्ही तिला नुसता वास घ्यायला लावलात. मुळ्याच्या पाल्याला आज्जीच्या गोधडीचा वास येतो, असं ती म्हणाली, तर तुम्ही ते शाळाभर सांगत फिरलात. मग, "जिभेला नुसती भेटव. गिळू नको." मग दातानं तोडायची आणि थुंकून टाकायची. अन्न थुंकायला शिकवता म्हणून मी चिडले. दोन वर्षं गेली. ती काकडी खायला लागली, गाजर खायला लागली. हिरव्या पाल्याला मात्र तोंड लावेना. तुम्ही म्हणायचात, "येईल. घाई कावून करायची?"

तुम्हाला घाई नव्हती. पण गावातल्या एका बागायतदाराला हे सगळं खपत नव्हतं. त्यांच्या मुलीनं घरी सांगितलं, आज आम्ही शाळेत मेथी निवडली. त्यांनी तक्रार केली की शाळेत लेकरांकडून कामं करून घेतात. शिक्षण खात्यातले साहेब तपासणीला आले, तेही नेमके पिशवीच्या दिवशी. लिंबाखाली चार पोरं डोळ्यांना रुमाल बांधून बसलेली. साहेबांनी एकाला विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

"भोपळा."

"आणि वडिलांचं?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "भोपळ्याला वडील नसत्यात, साहेब. येल आसतोय."

साहेब हसले नाहीत. आठवड्यात पत्र आलं, तीन दिवसांत लेखी खुलासा करा. मी खुलासा लिहिला. त्यात मी लिहिलं, की सदर प्रकार स्वयंपाकी मदतनीस यांनी मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय केला असून त्यांना समज देण्यात आली आहे.

त्याच्यावर तुमची सही हवी होती. तुम्ही हात पुसत आलात. तुम्ही सातवी शिकलेल्या, मी ते विसरले होते. तुम्ही कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला.

"म्याडम, हितं 'परवानगीशिवाय' लिवलंय."

"तसं लिहावं लागतं, मावशी."

"बरं," म्हणालात आणि सही केलीत.

या वेळचं 'बरं' वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी खिचडी बरोबर साडेअकराला तयार. मुलं रांगेत. हजेरीतली भाज्यांची नावं तेवढी पोरांनी आपणहून चालू ठेवली. शाळा इतकी शांत, की दुसरीतल्या फळ्यावरचा खडू मला ऑफिसात ऐकू येत होता. आणि ताटांच्या कडेला पुन्हा भाजीचे ढीग. ते ढीग तुम्ही मला दाखवायला आला नाहीत. बादलीत गोळा करून किसनबाबांच्या शेळ्यांना न्यायच्या. तीन आठवडे मी तुमची वाट बघितली, की तुम्ही येऊन भांडाल. शेवटी मीच स्वयंपाकघरात आले आणि म्हटलं, "मावशी, पोरं भाजी टाकायला लागली आहेत."

तेव्हा तुम्ही भांडलात. सहा वर्षांत एकदाच मला अगं-तुगं केलंत. "बाई, तूच म्हणलीस करा, तूच लिवलंस परवानगी न्हवती. तुझी नोकरी हाय, ती राख. पर मला इचारू नको, लेकरं कावून खायनात."

दोन दिवसांनी मी नमतं घेतलं, माझ्या पद्धतीनं. म्हटलं, "शनिवारी थोडा वेळ खेळ घ्यायला हरकत नाही." तुम्ही पातेलं घासत होता. मान वर न करता म्हणालात, "कागद द्या. परवानगी हाय म्हणून."

किती चिडले मी तुमच्यावर! माझ्याकडे कागद मागता? मी दिला नाही. चार ओळींचा कागद, मावशी. मी दिवसाला असे दहा लिहिते. आज देऊ, उद्या देऊ, आधी या माफी मागतील, मग देऊ, असं करत दिवाळी झाली. गावातले ट्रॅक्टर भरून कारखान्यांकडे निघाले, अर्धा वर्ग रिकामा झाला, अंजलीही गेली. मग संक्रांत उलटली आणि एका सकाळी किसनबाबांचा निरोप आला की तुमच्या छातीत दुखतंय, आज कामावर यायच्या नाहीत. मी दुसऱ्या बाईंची सोय केली आणि बीडला बैठकीला निघून गेले. बैठकीत असतानाच फोन आला.

तुमच्या जागी आता ज्या बाई आहेत, त्या चांगल्या आहेत. स्वयंपाक वेळेत होतो. मी त्यांना पिशवीच्या खेळाचं सांगितलं तर म्हणाल्या, "मला आसलं नाटक जमायचं न्हाई." मग मी स्वतः करून बघितलं. पिशवीत दोडका घातला, एकाला हात घालायला सांगितलं. त्यानं चाचपलं, नाव सांगितलं आणि जागेवर जाऊन बसला. बाकीचे जांभया देत होते. एकजण म्हणाला, "म्याडम, तुमी परीक्षा घेतल्यावानी इचारताय." मी पिशवी गुंडाळून ठेवली. तुम्ही हे कसं करत होता, हे विचारायचंही राहून गेलं. सहा वर्षांत मी तुम्हाला फक्त किती वाजले ते विचारलं.

आज हजेरी संपली आणि अंजली आली. ऊसतोडीच्या टोळ्या परतायला लागल्यात, तिची काल आली. उन्हानं काळवंडलेली, केसांचं बुचकाड झालेलं. वर्गात न येता ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिथून माझ्याकडे.

"म्याडम, मावशी कुठंय? मला सांगायचंय तेन्ला."

"काय सांगायचंय? मला सांग."

"आमी उसाच्या फडावर गेलतो ना, तवा आमच्या ऱ्हायच्या कोपीच्या मागं म्या फुटक्या डब्यात मेथ्या पेरल्या. आईच्या मिसळणाच्या डब्यातल्या. भांड्याचं पाणी घालायची. चार पानं आली. सगळ्या पोरांला म्या वास घ्याया लावला, खा म्हणलं न्हाई. आन् मंग म्या खाल्ली. कच्चीच. लई कडू लागली, पर गिळली."

मावशी, हे तुम्हाला सांगायला ते लेकरू चार महिने थांबलं होतं. आणि ऐकायला कोण? मी. तुमचा मला राग आला. मी पायरीवर बसले, तिला शेजारी बसवलं.

"अंजली, मावशी वारल्या गं."

ती नव्या बाईंकडे बघत राहिली. मग चपलेच्या टोकानं माती उकरायला लागली. रडली नाही. खाली बघतच म्हणाली, "तेंच्या घरी कोण हाय?"

"बाबा आहेत."

"मंग तेन्ला सांगू. चला."

शाळेच्या वेळेत मुख्याध्यापकानं शाळा सोडून जायचं नसतं. मी गेले. किसनबाबा अंगणात शेळ्यांसाठी दावं वळत बसले होते. अंजलीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, फुटका डबा, भांड्याचं पाणी, चार पानं. बाबांनी दावं खाली ठेवलं आणि ऐकलं. मग हसायला लागले. हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"आन् ती सोता खात न्हवती," ते म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

"भाजी. मेथी न्हाई, वांगं न्हाई, कायबी न्हाई. लगीन झाल्यापून बगतोय. भाकर आन् चटणी. म्या लई भांडलो, पर घास तोंडात घेतला की तिला उमासा यायचा."

"कावून?" मी विचारलं. मला बीडच्या मराठीत बोलायची सवय नाही, पण तोंडातून तेच आलं.

"लहानपण फडावर गेलं तिचं. मायबाप कोयत्यावर, ऊस तोडाया. पाल्याची भाजी कोण आणणार तिथं? पुढं मिळाय लागली तवर जीभ म्हातारी झालती, आसं म्हणायची. लेकरांच्या जिभेला येळंवर वळण लावाया पायजे, माझं ऱ्हायलं, म्हणायची."

मावशी, तुम्ही मला हे सांगू शकत नव्हता? ताटात गवार घेऊन दारात उभ्या होता, तेव्हा एवढं एक वाक्य? सही करताना? भांडताना तरी? मी खुलाशात काहीतरी वेगळं लिहिलं असतं. की नसतं लिहिलं? मला खरंच माहीत नाही. कदाचित मी तेव्हाही कॉम्प्युटरकडेच बघत राहिले असते, आणि हे तुम्हाला माहीत होतं. सहा वर्षं ज्या गोष्टीचा घाससुद्धा तुम्हाला सोसत नव्हता, ती तुम्ही रोज सकाळी निवडत, चिरत, शिजवत आणि तिच्याशी खेळत होता, आणि मी सभेत तुम्हाला आज्ञाधारक म्हटलं.

अंजली मात्र नाराज झाली होती. "मला सांगायचं की मंग," ती बाबांना म्हणाली. "म्या शिकवलं आसतं तेन्ला. आधी वास, मंग जिभेला भेटवायची." मग तिनं बाबांना नीट निरखून पाहिलं. "तुमी खाता का भाजी?"

"खातो की. समदी खातो."

"शेपू?"

बाबा घुटमळले. "शेपू तेवढी न्हाई. वास लई मारतीय."

अंजलीनं माझ्याकडे वळून बघितलं. विचारत नव्हती, सांगत होती. "म्याडम, उद्या शेपू आणा. बाबा शाळेत येत्याल."

"म्या कुठं म्हणलं येतो?" बाबा म्हणाले.

"खायची न्हाई, बाबा. नुसता वास घ्यायचा."

आज शिरूरला, आपल्या तालुक्याला, बाजाराचा दिवस नव्हता. शाळा सुटल्यावर मी तिथं जाऊन तीन दुकानं आणि दोन हातगाडे फिरले. हातगाडेवाल्यानं विचारलं, "म्याडम, आज शेपूच कावून पायजे? पालक घ्या की, ताजी हाय." मी त्याच्यावर उगाच खेकसले. शेवटी स्टँडजवळच्या एका म्हातारीकडे एक जुडी मिळाली. कडा पिवळ्या पडल्यात, पण वास चांगला उग्र आहे. ती पाण्यात उभी करून ठेवली आहे.